उद्योगपर्वाचा लाभ

त्या महिन्यात मी देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. माझं श्रीकृष्णाशी भांडण होतं. पांडव वनवासात गेले तेव्हा तू त्यांच्या पाठीशी उभा राहिलास, आमच्या वनवासाला बारा वर्षं झाली, तू एकदाही इकडे फिरकला नाहीस, असं मी त्याला रोज वात पुढे सारताना ऐकवत असे. माझी जीभ मुळातच तिखट आहे, आणि देव उलट बोलत नाही म्हटल्यावर तिला चांगलाच जोर यायचा.

आमचा वनवास असा. बारा वर्षांपूर्वी सासरे गेले. रायगडातल्या आमच्या गावी त्यांच्या तेराव्याला पंगत उठली आणि धाकटे दीर बोलून गेले, मुंबईत राहून सणाला येणाऱ्यांनी घरावर हक्क सांगू नये. माझे यजमान थोरले, पण स्वभावाने अगदी गाय. ते गप्प राहिले. मी राहिले नाही. "या घराचं पाणीसुद्धा पिणार नाही," असं सगळ्या भावकीसमोर म्हणाले आणि यांची पिशवी उचलून निघाले. तेव्हापासून भाईंदर पूर्वेच्या दोन खोल्या हेच आमचं जग. हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला जातात, मी घरगुती मसाला आणि कुळथाचं पीठ विकते. भाद्रपदात अर्धी बिल्डिंग गावाला जाते. त्या दिवसांत हे कारखान्यात ओव्हरटाइम मागून घेतात. का, ते मला कळत होतं, आणि मी ते कळत नसल्यासारखं दाखवत होते.

यंदा कानावर आलं की दिरांनी घर शाकारून घेतलं आणि घराच्या कागदावर एकट्याचंच नाव लावलं. माझं डोकं सटकलं. मीच वकील शोधला, मीच यांना त्याच्याकडे नेलं. सोमवारी सकाळच्या एसटीने जाऊन तालुक्याच्या कोर्टात दावा लावायचा, एवढं ठरलं. वकीलपत्रावर यांची सही तेवढी राहिली होती. कागद टीव्हीखाली पडून होता आणि हे रोज "बघू" म्हणत होते. शनिवारी सकाळी मी स्पष्टच सांगितलं, "अहो, बघू काय बघू? एक कौलसुद्धा सोडायचं नाही." ते डबा घेऊन कामाला गेले. सख्ख्या भावांचं नातं कायमचं तुटायला एक सही उरली होती, आणि पेन मी यांच्या हातात कोंबत होते. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मला फक्त आपण खऱ्या बाजूला आहोत एवढंच दिसत होतं.

त्याच दिवशी दुपारी मी जवळच्या बेव्हर्ली पार्क भागात एका हॉलवर गेले. रिक्षा स्टँडजवळ बोर्ड पाहिला होता: 'उद्योगपर्व. प्रवेश मोफत. माता-भगिनींनी लाभ घ्यावा.' मला वाटलं, बायकांच्या घरगुती उद्योगासाठी काहीतरी योजना असणार. स्टॉल मिळेल, नाव नोंदवतील. म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि मसाल्याची पाच पाकिटं पिशवीत घालून अगदी जय्यत तयारीने पोचले. दारातल्या स्वयंसेवकाने पिशवी घेतली, "आंटी, प्रसाद इधर दीजिए," म्हणाला, आणि मी तोंड उघडेपर्यंत माझी पाचही पाकिटं श्रीकृष्णाच्या तसबिरीपुढे केळ्यांच्या शेजारी मांडून मोकळा झाला. समोर व्यासपीठावर पांढऱ्या साडीतल्या एक प्रवचनकार बाई पोथीला नमस्कार करत होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे उद्योगपर्व म्हणजे पांडवांचा वनवास संपल्यावर आणि युद्ध सुरू होण्याआधी जे सगळं घडतं, ते. लगेच उठून जाणार होते, पण देवापुढची पाकिटं परत कशी मागायची? बसले.

बाई साधं बोलत होत्या. माइक खरखरत होता. त्यांनी सांगितलं, श्रीकृष्ण शिष्टाईला निघाला तेव्हा लढाईची तयारी झालीच होती. धर्मराजाने सगळं राज्य सोडून मागणी पाच गावांवर आणली होती. भीमासारखा भीमसुद्धा सबुरीने घ्या म्हणाला. एकटी द्रौपदी पुढे आली, आपले मोकळे केस हातात धरले आणि म्हणाली, बोलणी करताना हे विसरू नकोस. इथे मी सावरून बसले. ही माझी बाई, असं मला वाटलं. प्रवचनकार बाई पुढे म्हणाल्या की श्रीकृष्णाने तिचा राग खोटा ठरवला नाही, तिला गप्प बस म्हटलं नाही. तो राग मनात ठेवला आणि तरीही मागायला गेला. नकार मिळणार हे त्याला ठाऊक होतं. साक्षात देव, पण दुसऱ्याच्या दारात दूत होऊन उभा राहिला, आणि आपला मान कमी होईल असं त्याला वाटलं नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट ऐकत आले होते. त्याचं चक्र, त्याची युक्ती, याचं कौतुक केलं होतं. पण हे त्याचं दारात उभं राहणं मी कधी पाहिलंच नव्हतं. केवढा मोठा, आणि केवढा वाकला!

मग भर सभेत दुर्योधनाचं उत्तर आलं. सुईच्या टोकावर राहील एवढीसुद्धा माती देणार नाही. हे वाक्य मी सकाळीच बोलले होते, मातीच्या जागी फक्त कौल होतं. बारा वर्षं मी स्वतःला पांडवांत मोजत होते, आणि माझ्या तोंडी वाक्य कुणाचं होतं, तर त्याचं.

मी रडायला लागले असणार, कारण शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जवळच्याच पेणकरपाड्याची होती, मूळची तिथलीच. "काय झाला गो?" तिने हळूच विचारलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. मी दोन-चार वाक्यांत सगळं सांगितलं, दावा, सोमवारची एसटी, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिराला कदी इचारलंस का, मना ह्ये पायजे म्हनून?"

"नाही."

"मंग त्याला कसा कलनार?"

बारा वर्षांत आम्ही गावच्या लोकांकडून निरोप ऐकले होते, अर्थ लावले होते, वकील गाठला होता. मागितलं मात्र कधीच नव्हतं. आणि मागायचं काय, हे मी स्वतःला विचारलं तेव्हा जाणवलं, यांना घर नको होतं. यांना गणपतीत आपल्या दारी जायचं होतं, एवढंच.

आरतीआधी मी बाहेर जिन्यात आले आणि जाऊबाईंचा नंबर लावला. बारा वर्षं फोनमध्ये होता, लावला कधी नव्हता. माझा आवाज ऐकून त्यांनी काही न विचारताच फोन दिरांकडे दिला. मी पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. "भाऊजी, घराचं काय ते तुम्ही दोघं भाऊ नंतर बघा. मला एकच मागायचंय. यंदा गणपतीत ह्यांना घरी येऊन आरती करू द्या." एवढं बोलून मी डोळे मिटले. नाही म्हणाले तरी चालेल, असं मला मनापासून वाटलं. मागणं माझं काम होतं, पुढचं श्रीकृष्णावर सोपवलं होतं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

दिरांनी घरातल्यांना ओरडून सांगितलं, "दादा येतोय." मग मला म्हणाले, "आणि वहिनी, तुम्ही नाही येणार?"

मी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. मागायची हिंमतही नव्हती. येते, एवढा एकच शब्द कसाबसा तोंडातून आला. आत जाऊन त्या म्हाताऱ्या बाईला शोधलं. ती गायब वगैरे झाली नव्हती, दाराशी वाकून चपला शोधत होती. मी पाया पडले तेव्हा तिलाच अवघडल्यासारखं झालं. "जा, घरी जा," म्हणाली.

सोमवारची एसटी आम्ही सोडून दिली, पण घराच्या वाट्याचं अजून ठरलेलं नाही. कदाचित लवकर ठरणारही नाही, आणि दोघा भावांत त्यावरून पुन्हा वादही होईल. याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. चुकीचा बोर्ड वाचून मी एका हॉलमध्ये गेले, एवढंच घडलं. पण ज्याच्याशी मी महिनाभर भांडत होते, त्यानेच मला हाताला धरून तिथे बसवलं, अशी माझी श्रद्धा आहे. मी त्याच्याकडे जिंकणं मागत होते. त्याने मला मागायला शिकवलं. त्याचे उपकार मी कशाने फेडू?

संध्याकाळी हे कामावरून आले. मी सगळं सांगितलं. हातपाय न धुताच ते खुर्चीवर बसले. "काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दादा येतोय, म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "मला 'दादा'च म्हणाला ना?" मी पुन्हा सांगितलं. जेवायला बसल्यावर, पहिला घास हातात तसाच धरून, ते तिसऱ्यांदा म्हणाले, "परत सांग ना, कसं म्हणाला."