ठिणगीवरून लोखंड

बाबांना लोखंडाची जात ओळखायला कागद लागत नसे. तळेगावच्या आमच्या भट्टीवर ते तुकडा ग्राइंडरला टेकवत आणि ठिणग्या बघत. लांब, सरळ रेघा उडाल्या तर खिडकीच्या गजाचं मऊ लोखंड. ठिणगीला दाट फुलं फुटली तर ट्रकच्या चाकावरच्या कमानीचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, सुरीच्या कामाचं. तांबूस, आखूड ठिणगी म्हणजे स्टेनलेस. मी वर्ध्याहून डिप्लोमा करून आले आणि निघाले त्यांनाच शिकवायला. फुलं कार्बनमुळे फुटतात, स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळे, भांड्यांचं स्टेनलेस वेगळं, सुरीचं वेगळं, कारण सुरीला कडक व्हायला कार्बन लागतोच. ते हसले. "टक्के तू पाह्यजो, फुलं मी पाहीन," म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या मटणवाल्याची सुरी करायची होती. बाबांचं फार जुनं गिऱ्हाईक. बाबांनी भंगारातली एक पट्टी उचलून ग्राइंडरला लावली. "पाह्य, कसे फुलं उडून राह्यले."

एकही फूल नव्हतं. नुसत्या सरळ रेघा. त्यांचे डोळे अधू झाले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "हो बाबा."

घण मीच मारला. पातं तापवून तेलात बुडवल्यावर बाबांनी माझ्या हाती कानस दिली, "लावून पाह्य." कडक पात्यावर कानस घसरते. ही चांगली चावत होती, खाली भुगा पडत होता. "घसरते," मी सांगितलं. मनात म्हटलं, जेवून येते आणि गुपचूप कमानीच्या पट्टीची दुसरी करून ठेवते, कोण मेलं बघायला येतंय! जेवून आले तर मटणवाला सुरी घेऊन गेलासुद्धा. त्याच्या मागे धावायला हवं होतं. नाही धावले.

चौथ्या दिवशी तो परत आला. हाडावर धार मुडपली होती. भांडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "काका, हे तुमच्या हातचं नाई वाटत."

बाबांनी धारेवरून अंगठा फिरवला. "माही चूक झाली. उद्या संध्याकाळी येजो, दुसरी देतो."

तो गेल्यावर मला विचारलं, "कानस चावत होती ना?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

ते म्हणाले, "मले फुलं दिसत नाई, हे मले ठाऊक होतं, पोरी. म्हणून तं कानस तुह्या हाती देली."

लाज अशी वाटली की मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच भट्टी पेटवली, कमानीची चांगली पट्टी काढून ठेवली. बाबा एसटीनं एकटेच, चाचपडत आर्वीला गेले आणि तिथल्या लोहाराकडून सुरी करून घेऊन आले.