चिंचेखालची जांभळं

मे महिन्यात शहापूरच्या बाजारात जांभळं विकणारी एक मावशी दुकानासमोरच्या चिंचेखाली बसायची. एकदा दुकानदार ओरडला, "ऊठ गो, गिऱ्हाईकांची वाट अडते!"

"उन्हात जांभळं फुटतील, दादा. ही सावली काय तुमच्या गोदामातली हाय?"

बाजार हसला, दुकानदार मात्र भडकला. त्याने टोपलीला हात घातला. मला घेऊन संघटनेची पत्रकं वाटत फिरणारी माझी आई तिथेच मांडी घालून बसली आणि पळसाच्या पानावर मीठ लावलेली जांभळं खाऊ लागली. मी बसलो. मग बाजाराला आलेल्या बाया बसल्या. सगळ्यांच्या जिभा जांभळ्या! एवढ्यांना उठवायची त्याची छाती झाली नाही. मावशी उठली ती टोपली रिकामी झाल्यावरच.