पैलवान काकांची दारू

आमचे पैलवान काका घरातून निघताना देशी दारूनं चूळ भरायचे, मोरीत थुंकायचे, चार थेंब सदऱ्यावर शिंपडायचे आणि मग गल्लीतून झुलत चालायचे. पोटात थेंबही जात नसे. शिवाजी पेठेतल्या तालमीत वाढलेला माणूस. कोपऱ्यावर म्हैस पिळून मिळणाऱ्या दुधाशिवाय त्यांना दुसरं व्यसन नव्हतं.

दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी जायचे. "इंग्लिश शाळेनं एक बरं केलं, पोरी. तुला गप बसायला शिकवलं," ते म्हणायचे. डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं: एचआयव्ही आहे आणि जोडीला हिपॅटायटिस बी, दोन्ही एकत्र असल्यानं लिव्हर झपाट्यानं खराब होतंय. काकूंच्या तपासणीत काही निघालं नाही. लागण कुठून झाली, हे मी विचारलं नाही. घरात हे काकू, बाबा आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. काकांच्या मुलीला, संगीताला, सांगितलं नव्हतं.

पुढं डोळे पिवळे पडले, पोटात पाणी झालं. आता गल्लीला काहीतरी सांगणं भाग होतं, आणि संगीताचं लग्न व्हायचं होतं. "दारुड्याच्या पोरीला स्थळ मिळतंय की," काका रिक्षात म्हणाले. "त्या रोगाच्या घरात पाणीबी कोण पीत न्हाय." दुसऱ्या दिवसापासून चूळ सुरू झाली.

गल्लीनं लगेच विश्वास ठेवला. तालमीतले जुने सोबती कट्ट्यावरून विचारायचे, "काय पैलवान, आज किती क्वार्टर?"

"मोजायला शुद्धीत कोण हाय?"

सगळे हसायचे, सरकून जागा द्यायचे, आपल्या कपातला चहा बशीत ओतून त्यांच्यापुढं करायचे. खरा आजार कळला असता, तर तीच बशी फेकून दिली असती.

हातकणंगल्याचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी पेठेत चौकशी केली आणि बाबांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. एकच करा, पावणं. बापाला मांडवात आणू नका. चारचौघांत शोभा नको." काकांनी आतल्या खोलीतून ऐकलं आणि काकूंना म्हणाले, "साखर वाट की."

लग्नाच्या सकाळी काका घरीच थांबणार होते. त्यांनी चूळ भरली नव्हती. निघताना संगीता पाया पडायला वाकली, ती नाकाला पदर लावूनच. "एक दिवस तरी सोडायची हुती की, आण्णा."

"न्हाय सुटत, बाळा," काका म्हणाले.

दिवाळीआधीच ते गेले. संगीता आजही नवऱ्याला दारूला शिवू देत नाही. "माझा बाप तिनंच खाल्ला," म्हणते आणि साक्षीला माझ्याकडे बघते. मी मान डोलावते.