दोन छोट्या, एक लांब

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पंचेचाळिशी ओलांडलेली चार माणसं दर रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत कॉम्प्युटरवर लहानपणीचे टीव्ही गेम खेळत बसली, तर साचणारच! माझा नवरा म्हणतो, "तेच ते दहा वेळा सांगतेस, एकदा लिहून टाक म्हणजे मी सुटलो." म्हणून लिहिते आहे. तो सुटेल असं मला वाटत नाही.

आधी माणसं. मी वर्षा, शाळेत गणित शिकवते. संत्या म्हणजे संतोष, चिंचपोकळीला त्याचं बॅनर आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. आमचा अड्डा तोच. मिल्या म्हणजे मिलिंद जाधव, कोर्टात बेलीफ, लोकांच्या घरी समन्स पोचवतो. आम्ही तिघं भोईवाड्यातल्या एकाच चाळीतले. चौथा हेमंत, दादरचा. त्याचं घराणं जुनं, बोलणं पुस्तकातलं, पण शाळा आमचीच. आणि मुख्य म्हणजे आमच्या अख्ख्या वर्गात टीव्ही गेम फक्त त्याच्याकडे होता. मैत्री तिथूनच सुरू झाली, खोटं कशाला बोलू!

तो गेम कधीच भंगारात गेला. आता संत्याच्या पेन ड्राइव्हवर एम्युलेटर आहे. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरला 'तू कॉम्प्युटर नाहीस, जुना टीव्ही गेमच आहेस' असं पटवून देणारं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरला चटकन पटलं. आम्हाला तर पटवावंच लागलं नाही, आम्ही अजून बारा वर्षांचेच आहोत.

*

पहिल्याच रविवारची गोष्ट. संत्याने पेन ड्राइव्ह लावला, चौघं खुर्च्या ओढून बसलो, आणि स्क्रीन काळी. पुन्हा लावला. काळीच.

मिल्या उठला. त्याने पेन ड्राइव्ह उपसून काढला, तोंडाजवळ धरला आणि फुंकला. दोन छोट्या फुंका, मग एक लांब. लहानपणी हेमंतच्या घरी गेमची कॅसेट चालली नाही की हे काम मिल्याचंच असायचं, कारण जयंतीच्या मिरवणुकीत तो बिगुल वाजवायचा आणि त्याच्याइतकी हवा आमच्यात कोणाकडेच नव्हती.

पेन ड्राइव्ह लावला. गेम चालू!

हेमंत म्हणाला, "हे बघ मिलिंद, हा निव्वळ योगायोग आहे. तू तो काढून पुन्हा नीट बसवलास, म्हणून चालला. फुंकरीचा काहीही संबंध नाही."

"मग संत्याने पण काढून लावला ना? तेव्हा का नाय चालला?"

हेमंतने चष्मा पुसला. गेली सहा वर्षं तो या प्रश्नावर चष्माच पुसतो आहे.

*

या एम्युलेटरमध्ये एक सोय आहे. एक बटण दाबलं की खेळ आहे तिथे सेव्ह होतो, आणि मेलात तर दुसरं बटण दाबून पुन्हा त्याच जागी जिवंत! हेमंतच्या मते हा भ्रष्टाचार आहे. संत्याच्या मते ही प्रगती आहे. मिल्याला मात्र या बटणाची इतकी सवय लागली की विचारू नका.

एकदा तो समन्स घेऊन वरळी कोळीवाड्यात गेला. अरुंद गल्ली, घराचे नंबर कोणाला ठाऊक नाहीत. एका दारासमोर उभा राहून त्याने सरकारी आवाजात नाव पुकारलं. आतून एक मावशी कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. मिल्याने कागद पुढे केला.

"मेल्या, कागद मागनं दाखव, आधी माझ्या जवल्यावरून उतर!"

खाली बघतो तर सुकत घातलेल्या जवळ्याच्या बरोबर मधोमध साहेब बुटांसकट उभे! तोवर शेजारच्या चार बायका जमल्या. घरही चुकीचं निघालं.

"आईशप्पथ सांगतो," मिल्या म्हणाला, "माझा अंगठा हवेत ते मागे जायचं बटण शोधत होता!"

*

आम्हा चौघांनाही चष्मे आहेत. त्यातले दोन असे, की वरून लांबचं आणि खालून जवळचं. स्क्रीन नेमकी मध्ये येते, म्हणजे कुठूनच नाही. त्यामुळे आम्ही कोंबड्यांसारखे माना वरखाली करत लढतो.

एकदा शेवटच्या लेव्हलला हेमंत एकटा उरला होता. तो सलग तीन मिनिटं एका शत्रूवर गोळ्या झाडत होता. शत्रू मरत नव्हता, हलतही नव्हता. मधूनच जरा पाय चोळल्यासारखं करायचा. "अत्यंत चिवट आहे," हेमंत दात-ओठ खात म्हणाला.

संत्याने पुढे होऊन वर्तमानपत्राची घडी मारली. माशी उडून गेली.

*

संत्याच्या दुकानाचा एक किस्सा मी कितीही वेळा सांगू शकते. कोणीतरी स्थानिक पुढारी, त्याचा वाढदिवस. मोठा बॅनर, मध्ये साहेब गॉगल लावून, आणि खाली गोल-गोल चौकटींत बारा शुभेच्छुक. बॅनर संध्याकाळच्या आत हवा. संत्या एकीकडे गेम खेळतोय, एकीकडे फोटो चिकटवतोय. नुकताच त्याने जिंकल्याचा पुरावा म्हणून गेमच्या स्क्रीनमधला तुकडा कापून घेतला होता. तोच तिसऱ्या गोलात चिकटला!

बॅनर करी रोडच्या नाक्यावर लागला. अकरा माणसं आणि तिसऱ्या नंबरला चौकोनी तोंडाचा, हिरव्या हेल्मेटचा एक सैनिक. चार दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्याचा फोटो गळला होता तोही गावाला गेलेला.

पाचव्या दिवशी चौथ्या नंबरचा शुभेच्छुक तणतणत दुकानात आला. आम्ही सगळे तिथेच. संत्याचा चेहरा पांढराफटक!

"संतोषभाऊ, हा हेल्मेटवाला कोण नवीन?"

संत्या माउस हलवून गेम लपवायला लागला.

"कोण का असेना," तो शुभेच्छुक म्हणाला, "पण माझ्या आधी कसा लावला?"

"वरून सांगितलंय," मिल्या शांतपणे म्हणाला.

"वरून" म्हटल्यावर तो गृहस्थ जरा विचारात पडला, त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच विचारलं म्हणे, "ते हेल्मेटवाले साहेब यंदा नाहीत का?"

*

फुंकरीकडे परत येते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका रविवारी मिल्या मेव्हण्याच्या लग्नाला चिपळूणला गेला होता. आम्ही तिघांनी पेन ड्राइव्ह लावला. काळी स्क्रीन! संत्याने फुंकलं. मी फुंकलं. हेमंतने तांत्रिक पद्धतीने, कोरड्या कपड्याने पुसलं. काही नाही.

संत्याने फोन लावला. मागे सनई, कोणीतरी "अक्षता, अक्षता" ओरडतंय. संत्याने फोन स्पीकरवर टाकला. "मिल्या, फुंक रे जरा!"

मिल्याने एका शब्दाने विचारलं नाही की कशाला. भर मांडवात त्याने फोनमध्ये फुंकलं. दोन छोट्या, एक लांब. पेन ड्राइव्ह लावला, आणि चालू! फोनसमोर पेन ड्राइव्ह कोणी धरला होता माहीत आहे? हेमंतने. दोन्ही हातांनी, आरतीचं ताट धरावं तसा.

"कोणाला सांगू नका," तो म्हणाला. मी सगळ्यांना सांगते.

मिल्याची बायको सुजाता आम्हाला 'चार म्हातारी पोरं' म्हणते. लग्नातून परत आल्यावर तिने मला फोन केला. "वर्षाताई, आमचे हे फोनवर फुंकर घालताना व्हिडिओत आलेत. माहेरचे विचारतायत, कोणाला घालत होते म्हणून!"

*

यंदा दिवाळीनंतर मिल्या चिंचपोकळीच्या पुलावर दोनदा थांबून दुकानात यायला लागला. "वय झालं रे," म्हणायचा आणि हसायचा. मग एक दिवस तो पुलाच्या पायरीवरच बसला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सरळ बायपास सांगितली.

ऑपरेशन परळच्या एका हॉस्पिटलात झालं, आणि चांगलं झालं. आम्ही पेढ्यांची ऑर्डर देऊन मोकळे. पण चौथ्या दिवशी सुजाताचा फोन आला आणि तिचा आवाज ऐकूनच मी वर्गाबाहेर आले.

"वर्षाताई, हे काही ऐकतच नाहीयेत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. ते गोळ्यांचं खेळणं दिलंय ना, श्वास ओढून तीन गोळ्या वर उचलायच्या, त्याला हातच लावत नाहीत. खोकत पण नाहीत. डॉक्टर म्हणतात, छातीत कफ साचला तर परत आयसीयूत न्यावं लागेल."

आम्ही तिघं गेलो. पलंगाशी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी ते प्लॅस्टिकचं खेळणं घेऊन उभी होती. "काका, फक्त एकदा. मोठा श्वास." काका भिंतीकडे.

संत्याने हेल्मेटवाल्याचा किस्सा सुरू केला. मिल्या हसला नाही. हेमंतने कागद काढून फुप्फुसाचं चित्र काढलं आणि हवा कुठून कुठे जाते ते समजावलं. मिल्याने डोळे मिटले. मी माझा वर्गातला आवाज काढला, "जाधव, उठून बस!" शेजारच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले. मिल्या नाही.

"दुखतं गं वर्षे," तो म्हणाला. "मोठा श्वास घेतला की वाटतं सगळे टाके सुटणार. नाय जमत. ऱ्हाऊ दे आता."

लहानपणापासून ओळखते मी या माणसाला. "ऱ्हाऊ दे" हे त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला भयंकर भीती वाटली आणि रडू आलं. पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने मी बाहेर गेले.

परत आले तेव्हा संत्या खिशात चाचपडत होता. त्याने पेन ड्राइव्ह काढून मिल्याच्या उशीजवळ ठेवला.

"मिल्या, गेम चालत नाय. रविवारपास्नं बंद आहे."

हे साफ खोटं होतं. त्या रविवारी आम्ही शटरच उघडलं नव्हतं. कोणाला धीरच झाला नाही.

मिल्याने डोळे उघडले. संत्याकडे नाही, हेमंतकडे बघितलं. "काढून परत नीट लाव ना. तूच सांगतोस नेहमी."

हेमंतने चष्मा काढला. पण पुसला नाही. "लावून पाहिलं," तो म्हणाला. "पाच वेळा. नाही होत, मिलिंद. फुंकावंच लागेल."

मिल्याने उशीजवळचा पेन ड्राइव्ह मुठीत घेतला. मग म्हणाला, "उशी दे."

सुजाताने आणि त्या मुलीने त्याला धरून बसवलं. टाके सांभाळायला छातीशी उशी घट्ट दाबून त्याने पेन ड्राइव्ह तोंडाजवळ धरला. एक छोटी. थांबला. दुसरी छोटी. मुलगी काहीतरी बोलणार होती, हेमंतने बोट वर करून तिला गप्प केलं. मग मिल्याने श्वास घेतला. हळूहळू खांदे वर गेले, चेहरा पिळवटला, डोळ्यांतून पाणी आलं, सुजाताने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. आणि मग ती लांब फुंकर! संपता संपेना. संपली तशी त्याला खोकला सुटला. चांगला दणदणीत, आतून.

"हाच!" ती मुलगी त्याच्या पाठीवर हात ठेवून ओरडलीच. "हाच खोकला पाहिजे होता काका! केवढा श्वास घेतलात! हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

मिल्याला धाप लागली होती. त्याने पेन ड्राइव्ह संत्याच्या हातात दिला आणि उशीसकट मागे टेकला.

संध्याकाळी आम्ही चिंचपोकळीच्या पुलावर होतो तेव्हा संत्याचा फोन वाजला. सुजाताचा नंबर, आवाज मिल्याचा. संत्याने स्पीकरवर टाकला.

"झाला चालू?"

"पहिल्या झटक्यात!" संत्या म्हणाला.

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला.

"मग उद्या परत बंद पाडा," मिल्या म्हणाला. "आणि दहाच्या आत घेऊन या."