देव कोमट पाण्यात

बास्केटबॉल कळणारी माणसं ईडन प्रेरीत घरोघरी होती, पण बास्केटबॉलसाठी खरोखरचे देव खरोखरच्या पाण्यात घालून बसणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहायचा. २००४ च्या दिवाळीच्या सुमारास कंपनीने मला पुण्याहून मिनेसोटातल्या या गावात आणून टाकलं. मी एकटाच. शेजारच्या टाउनहाउसमध्ये मराठी काका-काकू आहेत हे ऐकून माझ्या आईला फार बरं वाटलं होतं. दोन्ही घरांमधली भिंत सामाईक, आणि इतकी पातळ की काका शिंकले तर मी इकडून ‘सत्यं’ म्हणावं. जानेवारीतल्या एका संध्याकाळी त्या भिंतीतून आवाज आला, “अबे, त्याले दे ना बॉल! काय करून राहिला बे तू?” मला वाटलं, मारामारी चालली आहे. बर्फातून स्लिपर घालून धावत गेलो. दार काकूंनी उघडलं. चेहरा शांत. म्हणाल्या, “ये. चहा घेशील ना? हे काही नाही, मॅच आहे.”

काका नागपूरचे. अमेरिकेत येऊन वीसेक वर्षं झालेली, एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या कामात वरच्या हुद्द्यावर. ऑफिसात म्हणे त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. पण जानेवारी उजाडला, आणि आमच्या राज्याच्या विद्यापीठाची टीम कॉन्फरन्सच्या मॅचेस खेळायला लागली, की या माणसाच्या अंगात येत असे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवणी दिली. “हे पाह्य पुणेकर, नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या मॅचेस म्हणजे पोरगी पाह्यचा कार्यक्रम. पोहे खायचे, हसायचं, घरी जायचं. खरं जानेवारीपासून. कॉन्फरन्स म्हणजे भावकी. आजूबाजूच्या राज्यांतली तीच ती विद्यापीठं, एकदा आपल्या अंगणात खेळायचं, एकदा त्यांच्या. परक्याकडून हरलं तर माणूस विसरतो. भावकीत हरलेलं मरेपर्यंत विसरत नाही.” आमची टीम म्हणजे या भावकीतली गरीब शाखा. तिला लग्नात पाट मिळायचा तो सुद्धा दाराजवळचा. शेवटी मार्चमध्ये सगळ्या भावकीची एक टुर्नामेंट असायची. ती जिंकली तर पुढे देशाच्या स्पर्धेत जाता येई, हरली की खेळ खलास. आमची टीम तिथे पहिल्या दुसऱ्या दिवशीच गाशा गुंडाळून परत यायची.

तर, देव. भावकीतली पहिली मॅच असली की काका देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलून पाण्याच्या डब्यात ठेवायचे. आपण ‘देव पाण्यात घालून बसलेत’ असं म्हणतो ते म्हणण्यापुरतं. काकांनी ते अमलात आणलं होतं. मोसम संपेपर्यंत देव बाहेर नाही. यावर काकूंचं एवढंच म्हणणं होतं की बाहेर उणे पंचवीस आहे, देवाला थंडी वाजत असेल. त्यावर तोडगा निघाला तो असा की पाणी कोमट असावं. मग हाफ टाइमला काका स्वतः उठून करंगळी बुडवून बघत आणि गार झालं असेल तर केटल लावत. एवढं करूनही टीम हरली की मी मुद्दाम विचारायचो, “काका, आज काय झालं?” ते गंभीरपणे म्हणायचे, “तिकडच्या राज्यातही मराठी लोक आहेत ना. त्यांनीही घातला असेल. एकाच देवावर दोन्हीकडून प्रेशर आलं तर तो तरी काय करणार बिचारा?”

दुसरी शिस्त बसण्याची. टीम चांगली खेळायला लागली त्या क्षणी जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. क्रिकेटच्या वेळी आपल्याकडे हे घराघरांत चालतं, पण तिथे निदान सगळे बसलेले असतात. काकूंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी भाजीचा ट्रे घेऊन मदतीला गेलो होतो. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलो आणि आमच्या टीमने सलग चार बास्केट केले. “हलू नको!” काका ओरडले. मी ट्रे घेऊन दरवाज्यात उभा. हात भरून आले, बटाट्याची भाजी गार झाली, पलीकडच्या बायका पानं घेऊन वाट बघतायत, आणि त्यातच कोणाच्या तरी पुण्याहून आलेल्या आईंना बाथरूमला जायचं होतं. काका हात जोडून म्हणाले, “मावशी, फक्त टाइमआउट होऊ द्या.” मावशी थांबल्या! आपण जिंकलो तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या आणि मग पळाल्या.

आता हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, हौशी माणूस. नाही हो. वीस वर्षांत काकांनी एकही मॅच पाहिली नव्हती. हे वेड लागलं ते मुक्तामुळे. मुक्ता ही काकांची एकुलती एक लेक. त्याच विद्यापीठात डॉक्टर व्हायच्या वाटेला लागली होती. दुसऱ्या वर्षी तिने कोणाला न विचारता वाट बदलली आणि संगीत घेतलं. तेही गाणं नाही, सतार नाही, तर ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढे-मागे सरकवत फुंकायचा तो भला मोठा पितळी बाजा. विद्यापीठाच्या बँडमध्ये ती तो वाजवायची. त्या दिवशी काका तिला जे बोलले ते मला काकूंनी भांडी विसळताना हळू आवाजात सांगितलं. “हे म्हणाले, बँडवाले आपल्याकडे वरातीत वाजवतात आणि मांडवाच्या मागे जेवतात. आमच्या घराण्यात बँडवाला झाला नव्हता, ती हौस तू पुरी केलीस.” पोरगी इथेच जन्मलेली, मराठी तिला बेताचंच यायचं. पण हे वाक्य तिला पूर्ण कळलं. त्या वर्षी ती थँक्सगिव्हिंगच्या सणालाही घरी आली नाही.

मग काकूंना कोणीतरी सांगितलं की तो बँड बास्केटबॉलच्या मॅचला बसतो आणि खेळ थांबला की कधी कधी कॅमेरा बँडवर जातो. काकू टीव्ही लावून बसायला लागल्या. काका पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला सोफ्यावर आले. आठवड्याभरात पेपर बंद. लेक दिसायची ती दोन सेकंद, एक गाल आणि अर्धा ट्रॉम्बोन. पण त्या दोन सेकंदांसाठी दोन तास खेळ बघावा लागे, आणि काका मुळात इंजिनिअर, बघितलेली गोष्ट समजून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका मॅचला एका पॉइंटने हरल्यावर त्यांनी महिनोन्‌महिन्यांनी स्वतःहून तिला फोन लावला आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, “तुमचा तो लंबू शेवटी बॉल घेऊन काय उभा राहिला होता?” पलीकडे ती हसली म्हणे. काकूंच्या पोळ्या लाटून झाल्या, भाजून झाल्या, तरी फोन चालूच.

तेव्हापासून तो रिवाज पडला. मॅच संपली की काका फोन लावणार. ती इंग्लिशमधून, हे नागपुरीतून. कोणी रिबाउंड सोडला, कोच कसा गाढव आहे, पुढची भावकीतली लढत कोणाशी. बँडचं नाव दोघंही काढत नसत. मोसम संपला की फोनही संपत. मग एप्रिल ते डिसेंबर काकू बोलायच्या आणि काका शेजारी बसून विचारायचे, “काय म्हणते?” विद्यापीठाचं स्टेडियम घरापासून अर्ध्या तासावर होतं, पण काका तिथे कधी गेले नाहीत. “टीव्हीवर रिप्ले दिसतो,” म्हणायचे. रिप्लेचं काही खरं नव्हतं. तिने बोलावलं नाही म्हणून हे जात नव्हते, आणि यांनी ‘येऊ का’ विचारलं नाही म्हणून ती बोलावत नव्हती. बाप तसाच आणि लेकही तशीच.

२००६ हे तिचं शेवटचं वर्ष. त्या जानेवारीपासून काकांचं ओरडणं बदललं. पूर्वी रागाने ओरडायचे, आता काकुळतीला येऊन. एकदा मी म्हटलं, “काका, टीम वाईट नाही यंदा, एवढं काय घेता मनाला?” त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाले, “हे संपलं की ती नोकरीला कुठे दूर जाईल. मग मी तिच्याशी काय बोलू, सांग? हवापाण्याचं?” मी केटल लावली.

मार्चमधली टुर्नामेंट दोन-तीन राज्यं पलीकडच्या एका मोठ्या शहरात होती. आमची टीम चमत्कार व्हावा तशी पहिली मॅच जिंकली. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी माझं दार वाजवलं. अंगात कोट, हातात पुरीभाजीचा डबा. “तू ड्राइव्ह करतोस का? यांचं आज रस्त्यावर लक्ष राहायचं नाही. मी म्हटलं, आता टीव्हीत किती बघणार पोरीला, चला.” मी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं आणि आम्ही निघालो. दुसरा एक डबा काकूंच्या मांडीवर होता, झाकण घट्ट लावलेला. त्यात कोमट पाणी आणि गणपती. भावकीच्या टुर्नामेंटला देव घरी कसा ठेवायचा? सात-आठ तास काकूंनी तो डबा हिंदकळू दिला नाही. पेट्रोल भरायला थांबलो की काका गरम पाणी मागून आणायचे.

स्टेडियमच्या दारात तपासणी होती. गार्ड धिप्पाड आणि सभ्य. डबा हातात घेऊन हलवला आणि विचारलं, “व्हॉट्स इन हिअर, मॅम?” काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “गॉड.” गार्डने झाकण उघडलं, वाकून बराच वेळ आत पाहिलं, आणि अगदी आदराने म्हणाला, “सर, गॉड इज फाइन. द वॉटर हॅज टु गो.” मी म्हटलं, “काका, ओता. आत नळ असेलच.” काका माझ्यावर उखडले. “एकदा काढला की काढला! संकल्प मोडला ना! पुन्हा घालून काय होतं?” मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्यांनीच ते पाणी बाहेरच्या बर्फावर ओतलं, देव रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि मान खाली घालून आत आले.

आमच्या जागा पार वरती होत्या. बँड खाली, बास्केटच्या मागे. टीव्हीवर अर्धा दिसणारा तो ट्रॉम्बोन तिथून मुंगीएवढा पण अख्खा दिसत होता. मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत चालली होती. काका एकदाही ओरडले नाहीत. शेवटी लंबूला दोन फ्री थ्रो मिळाले, कोणी आडवं न येता मारायचे फुकटचे नेम, आणि दोन्ही चुकले. पलीकडच्यांनी बॉल उचलून धाव घेतली आणि आम्ही हरलो. मोसम संपला. मी काकांकडे बघायचं टाळलं. “मी पाणी ओतलं,” एवढंच ते म्हणाले.

आणि तेव्हा खाली आमचा बँड वाजायला लागला. विद्यापीठाचं गाणं. जिंकलेले तिकडे नाचत होते, आमची पोरं टॉवेलमध्ये तोंड खुपसून चालली होती, आणि ही बँडची मुलं उभी राहून पूर्ण गाणं वाजवत होती. काका उठले. भरभर पायऱ्या उतरायला लागले. आम्ही मागे. खाली पोचलो तेव्हा गाणं संपलं होतं, मुक्ता ट्रॉम्बोन मांडीवर घेऊन बसली होती, डोळे लाल. समोर बापाला बघून ती उठलीच नाही. “बाबा? यू केम?”

काका म्हणाले, “तो लंबू...” आणि थांबले. मला वाटलं, झालं, आता फ्री थ्रोवर व्याख्यान. पण त्यांनी विचारलं, “हरल्यावरही वाजवावं लागते का तुम्हाले?”

“येस. विन ऑर लूज. ऑलवेज.”

“रडत रडत फुंकता येत नाही म्हणतात.”

“इट्स हार्ड.”

“तू फुंकलंस. मी पाह्यलं वरून. शेवटपर्यंत फुंकलंस.” काकांनी ट्रॉम्बोनकडे बोट दाखवलं. “मी तुले बँडवाली म्हटलं होतं ना, ते चुकलो बेटा. खूप चुकलो. हे काम सोपं नाही. माझ्याकडून नसतं झालं.”

बाकावर सरकून तिने जागा केली. काका बसले. तिने तो बाजा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. ऑफिसात ज्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता तो हा माणूस तिच्या पाठीवर थोपटत “रड, रड” म्हणत होता. काकूंनी माझी बाही ओढली. “चल, आपण कॉफी घेऊन येऊ. बसू दे दोघांना.” कॉफीच्या रांगेत काकू एकदम हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. मीही इकडे तिकडे बघितलं.

त्या उन्हाळ्यात मुक्ता पार पश्चिमेकडच्या एका गावात शाळेतल्या मुलांना बँड शिकवायला गेली. माझंही पुढे बस्तान हललं, २००८ मध्ये मी जर्सी सिटीत आलो. इथे शेजारीपाजारी मराठी पुष्कळ आहेत, पण संध्याकाळी कोणी ओरडत नाही, आणि खरं सांगतो, मला करमत नाही. जूनमधल्या एका रविवारी अशीच हुरहुर लागली म्हणून काकांना फोन केला. हवा, गुडघे, ऑफिस, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, “काका, मोसम नाही, तुम्हाला दिवस खायला उठत असेल.”

“नाही रे. बरं, तू ठेव आता. मुक्ताचा फोन यायचा आहे.”

“आत्ता? जूनमध्ये कुठली मॅच?”

“मॅच नाही बे,” काका म्हणाले. “अशीच करते ती.”

मी घाईघाईने फोन ठेवला. तिला त्यांची लाइन बिझी लागायला नको.