धुराला वाट नसलेली घरं

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी एक डोंगर रचला होता. पन्हाळ्याच्या वाटेवर दिसतो तसाच, पण पोटातून पोकळ. त्या पोटात माणसं राहतात, अशी माझी गोष्ट. खरं तर गोष्टीपेक्षा घरांचे नकाशेच मी जास्त मन लावून काढले: वाकून आत जायचं गोल दार, दिव्याला कोनाडा, मधोमध चूल, भिंतींना आतून कडब्याचं अस्तर. अशी अकरा घरं. कडबा सुचला तो आमच्याच धंद्यातून. माझे वडील, आबा, लोकांना धान्यासाठी पेवं खणून देत. पेव म्हणजे जमिनीतली खोल कोठी. आतून कडबा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंड लिंपून टाकायचं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आबांना त्याचं काय वाटे, कधी कळलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नकाशा कळेल, एकदा तरी 'बरं काढलंस' म्हणतील, एवढ्या आशेने रविवारी मी कागद घेऊन गावी गेलो.

त्यांचं भेगाळलेलं बोट दारातून आत शिरलं आणि चुलीपाशी थांबलं.

"ह्यातनं धूर कुठनं जातोय?"

मी कागदावर वाकून वाट शोधू लागलो.

"आत उतरायच्या आदी कंदील तरी सोडत्यात का न्हाय ही माणसं?"

"गोष्ट आहे, आबा. उबदार घरं दाखवायची होती."

"व्हय की. तुझ्या चुलत्यालाबी लई उबदार वाटलं आसंल."

आई म्हणाली, "आवं, पोरगं हौसेनं घिऊन आलंय."

चुलते माझ्या जन्माआधी पेवात गुदमरून गेले. बंद पेव उघडलं की आधी दोरीने कंदील सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. त्या दिवशी त्यांनी घाई केली. त्यांना वर काढलं ते आबांनीच. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी एकाही घराला भोक ठेवायचं सुचलं नाही.

तिथंच बसून मी अकराही घरांना धुराडी काढली. कागद परत देताना आबांनी त्यावरची माती फुंकून काढली.

अंकाचा संपादक वकिलाचा मुलगा, माझ्याच वर्गातला. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, तुझ्या डोंगराला देवी आल्यात की काय? ही भोकं खोड, मग छापू."

सगळे हसले. मीही हसलो, बहुतेक. मग रबर घेऊन एकेक धुराडं पुसलं.

अंक आला. आबांचं बोट घराघरावरून फिरलं. अकरावं घर झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुसलीस?"

"त्यांनी सांगितलं."

पुढे पाहुणे आले की आबा म्हणत, "शिकल्यालं पोरगं हाय आमचं. जित्ती माणसं पुरतंय बघा." पाहुणे हसत. आबा हसत नसत. अंक कुठल्या फळीवर आहे ते त्यांना ठाऊक असे, तरी आणायला मलाच सांगत.