चौथी शिकलेल्या बाईलासुद्धा जमतं

साहेब माइकवर म्हणाले, "ही बघा. चौथी शिकलेली बाई. हिलासुद्धा जमतं."

हॉल हसला. वाईट हसला असं नाही. लहान पोरानं पाहुण्यांपुढं कविता म्हटली की हसतात, तसा हसला. ते मला जास्त लागलं.

जालना रोडवरच्या मोठ्या हॉटेलातला हॉल होता. खुर्च्यांना पांढरी कापडं. समोर नवीन धंदा काढू पाहणारी पोरंपोरी, छोट्या शेडवाले, काही बायका. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, हातात वह्या. आमच्या साहेबांचं भाषण होतं, धंदा कसा उभा करायचा आणि माणसं कशी चालवायची यावर. मी स्टेजवर एका टेबलामागं उभी होते.

सकाळी मी मोरपंखी साडी नेसून आले होते. एच.आर.च्या मॅडमनी बघितल्याबरोबर तोंड बारीक केलं. "अगं, वरून एप्रन घाल. टोपीपण घाल. कामगार वाटली पाहिजेस ना." मी घातलं.

साहेब सांगत होते, "माझा पहिला धडा. सिस्टीम अशी उभी करा, की बिनडोक माणसालासुद्धा चूक करता येणार नाही. मी नुसतं बोलत नाही. प्रूफ सोबत आणलंय." मग माझ्याकडं वळले. "काय गं नाव तुझं?"

नऊ वर्षं मी त्यांच्या कंपनीत आहे. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर माइक परत त्यांच्या तोंडाशी गेला होता.

मी काय करते ते आधी सांगते. चितेगावात आमची कंपनी आहे, रबराचे पार्ट करते. ते वाळूजच्या मोठ्या कंपनीत जातात, तिथून गाड्यांत बसतात. साच्यातून रबरी रिंग निघते तेव्हा तिच्या कडेला पातळ पापुद्रा असतो. त्याला फ्लॅश म्हणतात. तो ब्लेडनं काढायचा. हेच माझं काम. आम्ही चौदा बायका टेबलाला बसतो. मान खाली घातली की जेवणालाच वर होते.

एक रिंग लई त्रासाची होती. तिला आतून बारीक ओठ असतो. फ्लॅश काढताना रिंग हातात फिरायची आणि ब्लेड ओठाला लागायचं. लागलं की पार्ट गेला. लाल डब्यात टाकायचा. संध्याकाळी सुपरवायझर लाल डबा टेबलावर उलटा करायचा. "हे तुमच्या आईबापानं शिकवलं का गं?" माझ्या अंगठ्यावर अजून आडवे वण आहेत. फोनचा लॉक त्या अंगठ्यानं उघडत नाही.

मी बोलणारी बाई नाही. रिक्षात बसले तर "इथं थांबवा" म्हणायला माझा आवाज निघत नाही. दुसरं कुणी जिथं उतरेल तिथं उतरते आणि मागं चालत येते. पण हातात वस्तू असली की डोकं चालतं. एका सुट्टीच्या दिवशी घरी जुनं लाटणं मोडलं. टोकाकडचा तुकडा निमुळता होता. मी एप्रनच्या खिशात राहिलेली रिंग त्यावर चढवून बघितली. घट्ट बसली. फिरेना. मग मी सुरी गॅसवर लाल केली आणि जिथं फ्लॅश येतो बरोबर तिथं गोल खाच पाडली. ब्लेड त्या खाचेत टेकवायचं, डाव्या हातानं लाटणं टेबलावर लाटायचं. ब्लेड खाचेबाहेर जाऊच शकत नाही. फ्लॅश अख्ख्या दोऱ्यासारखा सुटून येतो.

पहिला तुकडा नीट झाला नाही. दुसऱ्यासाठी मी चांगलं लाटणं मोडलं. नवरा म्हणाला, "येडी झाली का? पोळ्या बाटलीनं लाटणार?" महिनाभर बाटलीनंच लाटल्या.

ते लाटणं मी पिशवीत लपवून नेलं. आठ दिवस माझ्या डब्यात एक पार्ट पडला नाही. शेजारी शहनाजभाभी बसते. तिनं पहिल्यांदा बघितलं. "क्या जादू करी गे तू?" मी तिला दाखवलं. मग तिच्यासाठी एक केलं. मग सुपरवायझरनं बघितलं. "दे जरा. वर दाखवून आणतो." घेऊन गेला. परत आलं नाही.

दोन महिन्यांनी आमच्या टेबलावर चौदा पांढरी लाटणी आली. नायलॉनची, लेथवर केलेली. माप तेच, खाच तीच. भिंतीवरच्या फळ्यावर फोटो लागला, आधी असं होतं, आता असं आहे. खाली कल्पना कुणाची, तिथं साहेबांचं नाव.

भाभी म्हणाली, "बोल ना गे. तेरा है ना ये?"

मी म्हटलं, "जाऊ द्या भाभी."

जाऊ द्या हा शब्द माझ्या तोंडात कायमचा बसलेला होता. त्याच्या वर्षभर आधी भाभीनं एक गोष्ट काढली होती. पार्ट एकमेकांना चिकटायचे, तिनं ट्रेला आडव्या पट्ट्या लावायचं सुचवलं. फळ्यावर सुपरवायझरचं नाव आलं. ती माझ्याकडं रडत आली होती. तेव्हाही मी हेच म्हटलं. जाऊ द्या भाभी, आपल्याला काय करायचंय. तिला तेव्हा कसं वाटलं असेल ते मला माझा फोटो फळ्यावर बघून कळलं. म्हणजे माझा नाही. माझ्या लाटण्याचा.

आता हॉलमध्ये साहेब तेच सांगत होते. "एका रविवारी मी घरी बसलो होतो. बायको पोळ्या लाटत होती. मी बघत होतो, बघत होतो, आणि एकदम सुचलं." लोक वहीत लिहून घ्यायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं त्याखाली रेघ मारली. मला वाटलं होतं ते खाच सांगतील, माप सांगतील, लाटण्याचं काही सांगणार नाहीत. पण निमुळतं लाकूड कुठून आलं हे सांगायला त्यांना लाटणंच लागलं. माझं स्वयंपाकघर पण त्यांना लागलं.

"दाखव," ते मला म्हणाले.

मी दाखवलं. रिंग चढवली, ब्लेड टेकवलं, लाटलं. हात माझं ऐकत नव्हते, सवयीचं ऐकत होते. फ्लॅश निघाला. साहेबांनी तो दोरा वर धरला. टाळ्या झाल्या. त्यावर साहेब ते वाक्य बोलले. चौथी शिकलेली बाई. हिलासुद्धा जमतं.

साहेबांनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणणार नाही. भाड्याच्या शेडमध्ये रबर दाबायच्या एका प्रेसवर त्यांनी सुरुवात केली. सुरुवातीला स्वतः प्रेसवर उभे राहायचे असं जुने लोक सांगतात. ते सांगायला त्यांच्याकडं पुष्कळ होतं. तरी त्यांना माझंच सांगावंसं वाटलं.

आणि चौथी. गावात शाळाच चौथीपर्यंत होती. सिल्लोडकडचं आमचं गाव. पाचवीची शाळा पुढच्या गावात, आणि वाटेवर ज्यांचे मळे, त्यांची पोरं आमच्या वस्तीतल्या पोरींना आवाज द्यायची. आई म्हणाली, बस झालं शिकणं. मी पहिल्या नंबरात होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

हसणं आणि टाळ्या थांबत आल्या होत्या. माइक टेबलावर माझ्यापुढं ठेवलेला होता, कारण साहेब पाणी पीत होते. मी माइक हातात घेतला नाही. नुसती वाकले. म्हणाले, "साहेब, हे मी केलं. माझ्या घरच्या लाटण्याचं."

माझाच आवाज वरच्या स्पीकरच्या डब्यांतून मोठा होऊन आला. मी घाबरून मागं सरले. मॅडम खालून हातवारे करायला लागल्या.

साहेबांनी ग्लास ठेवला. माइक उचलला. आणि हसले.

"बघितलं? हाच माझा दुसरा धडा. माझ्या कंपनीत प्रत्येक माणसाला वाटतं, हे मीच केलं. मला राग येतो का? नाही. माणसाला असं वाटायला लावणं, यालाच लीडरशिप म्हणतात."

या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या. काही लोक उभे राहिले. त्या मुलीनं दुसरी रेघ मारली.

मी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत खरं बोलले, आणि ते त्यांच्या भाषणात बसून गेलं. मला आधी वाटायचं, आपण बोलत नाही म्हणून असं होतं. त्या दिवशी कळलं की बोललं तरी होतं.

कंपनीच्या गाडीतून परत येताना मॅडम पुढं बसून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, कार्यक्रम मस्त झाला. मी मागं एप्रन घडी करत बसले. मला रडू आलं नाही. झोप आली. खरंच झोपले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाभीला सगळं सांगितलं. ती घास हातात धरून ऐकत होती. "बीवी लाट रही थी बोले? उनके घर में तो रोट्यां बाई पकाती! वो उनकी बीवी बेलन पहचानती क्या पूछो पहले." टेबलावरच्या सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग भाभी हळूच म्हणाली, "तू बोली ना, वो बहुत हुआ." मला तिच्याकडं बघवेना. तिच्या वेळेला मी काय बोलले होते?

मी म्हटलं, "भाभी, तुमच्या पट्ट्यांच्या वेळी मी चुकले."

"हौ, चुकी," ती म्हणाली. "खा अब."

त्याच आठवड्यात मॅडमनी ऑफिसात बोलावलं. सुपरवायझर पण होता. टेबलावर एक कागद. वाळूजच्या मोठ्या कंपनीत अशा सुधारणांची स्पर्धा असते, तिथं लाटणं पाठवायचं होतं. त्यासाठी कामगाराची सही आणि फोटो लागत होता. मॅडम गोड बोलत होत्या. "साहेब तुझ्यावर खूश आहेत. तुला लाइन लीडर करायचं म्हणतात. इथं सही कर."

लाइन लीडर म्हणजे टेबलाच्या टोकाला उभं राहायचं. मान खाली घालायची नाही. माझी मान दोन वर्षांपासून रात्रंदिवस दुखते. मला ते पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू.

मी कागद जवळ ओढला.

सुपरवायझर म्हणाला, "वाचतीस काय? बोट ठेवलंय तिथं सही मार."

मी म्हटलं, "वाचते."

मला वेळ लागतो. मी ओठ हलवत वाचते. जोडाक्षर आलं की थांबते. मॅडमनी घड्याळ बघितलं. सुपरवायझरनं जांभई दिली. मी बोट पुढं सरकवत गेले. लिहिलं होतं की साहेबांनी तयार केलेल्या साधनामुळे माझं काम सोपं झालं. शिक्षण कमी असूनही मी आता बिनचूक काम करू शकते. त्याबद्दल मी साहेबांची ऋणी आहे. ऋणी शब्दावर मी अडकले. दोनदा वाचला. कळला.

कागद मी फिरवून त्यांच्याकडं सरकवला.

"हे खरं नाही. मी सही करणार नाही."

"अगं, सगळेच करतात."

"मी नाही."

सुपरवायझर उठून उभा राहिला. "तुला कळतंय का तू कुणाला बोलतीस? चौथी शिकली अन् कागद तपासायला निघाली."

मी म्हटलं, "चौथीत वाचायला शिकवतात."

सोमवारी माझी जागा बदलली. आता मी पॅकिंगला आहे. दिवसभर उभं राहून खोके भरायचे, चिकटपट्टी लावायची, ढिगाला लावायचे. मान दुखायची थांबली, आता कंबर आणि गुडघे धरलेत. घरी नवरा म्हणाला, "तुझं लई चुकलं. सही केली असती तर काय झिजली असती का?" मी त्याच्याशी भांडायला पण थकलेली आहे. स्पर्धेत लाटणं गेलंच. सही दुसऱ्या एका बाईची घेतली. तिला वाचता येत नाही. तिच्यावर माझा राग नाही.

मला लढायची हौस नाही. रोज सकाळी वाटतं आज जाऊ नये. तरी जाते.

गेल्या महिन्यात नवा पार्ट आला. चौकोनी, चारही कोपऱ्यांत फ्लॅश. गोल लाटणं त्याला चालत नाही. लाल डबे भरायला लागले. मोठ्या कंपनीतून दोन खोके परत आले, ते मीच उतरवून घेतले. काल सुपरवायझर पॅकिंगला आला. माझ्यापुढं तो पार्ट ठेवला. आवाज एकदम मऊ.

"ताई, जरा बघ बरं. याला काही करता येतंय का?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा ताई.

मी पार्ट हातात घेतला. फिरवला. कोपरा अंगठ्यानं दाबला. खोका बंद करायला लागतो तेवढ्या वेळात मला कळलं काय करायचं ते. कशात बसवायचा, ब्लेड कुठून आणायचं, सगळं.

मी म्हटलं, "येतंय."

"मग सांग की."

"आधी फळ्यावरचा कागद आणा. कल्पना कुणाची, तिथं माझं नाव लिहा. पूर्ण नाव, आडनावासकट. मी वाचते. मग सांगते. आणि ट्रेच्या कागदावर शहनाजभाभीचं नाव लिहा. ते पण वाचते."

त्याचं तोंड परत पहिल्यासारखं झालं. "लई शेफारलीस. उद्या गेटवरून परत पाठवीन."

"पाठवा," मी म्हटलं.

पार्ट त्याच्या हातात दिला आणि पुढचा खोका ओढला. तो गेला. आज परत आला नाही. उद्या येईल किंवा गेटवर मला अडवतील. अडवलं तर चितेगावात दुसऱ्या शेड आहेत, तिथं मान मोडेन. पण माझ्या डोक्यात आलेलं इथून पुढं नावाशिवाय कुणाच्या हातात देणार नाही. लाल डबे भरू देत. परत आलेले खोके मी उचलून लावीन.